टिकली लावलेली आई

वास पहिल्यांदा आला तो सोमवारी सकाळी, चहा गाळताना. आधी वाटलं दूध नासलं. पातेलं नाकाशी नेऊन पाहिलं, दूध चांगलं होतं. मग वाटलं ओट्याचं फडकं. ते उकळत्या पाण्यात टाकलं. वास तिथेच. कुजका, गोडसर, भिंतीमागे उंदीर मरून चार दिवस झाले की येतो तसला.

मला पहिल्यापासूनच वासांचा फार तिटकारा. बसमध्ये शेजारच्याने ढेकर दिली तरी मला मळमळतं. अशा बाईला देवाने दोन लेकरं दिली, आणि वरून नोकरीही घरातच दिली. त्याची थट्टा करायची तऱ्हा मला कधी आवडली नाही.

रायपूरला चौबे कॉलोनीत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. नवरा रेल्वेच्या ऑफिसात. साडेनऊला डबा घेऊन जातो, सातला येतो. मुलगी सहा वर्षांची, दुपारी शाळेतून येते. मुलगा अडीच वर्षांचा, तो कुठेच जात नाही, माझ्या पायाशीच असतो. सासूबाई गावातच, तात्यापाऱ्याच्या जुन्या मराठी वस्तीत, मोठ्या दिरांकडे. गुडघ्यांमुळे त्यांना आमचा जिना चढवत नाही, पण सल्ला चढतो. "अवं, घरबसल्या नोकरी भेटली तुले. नशीब काढलं तू," असं त्या फोनवर म्हणायच्या, आणि मी पायाने पोट्ट्याच्या शूवर पोतेरं फिरवत "हो ना आई" म्हणायची.

नोकरी अशी. विमा घेणाऱ्या लोकांशी व्हिडिओवर बोलायचं, त्यांचं ओळखपत्र पाहायचं, अटी समजल्या का विचारायचं आणि गोड हसायचं. माझ्यामागे पांढरी चादर ताणलेली. कॅमेऱ्यात दिसतो तेवढा भाग इस्त्रीचा कुर्ता, खाली वरणाचे डाग पडलेली सलवार. प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो आणि तपासला जातो. त्यात दुसऱ्या कोणाचा आवाज आला, दुसरं कोणी दिसलं, की कॉल बाद. महिन्यात तीन कॉल बाद झाले की घरून काम बंद, हैदराबादच्या ऑफिसात हजर व्हा. दोन लेकरं घेऊन हैदराबादला कोण जाणार? म्हणजे नोकरी गेलीच. मुलगी झाली तेव्हा मी शाळेतली नोकरी सोडली होती आणि चार वर्षं घरात बसले होते. त्या चार वर्षांत मला कोणी माझ्या नावाने हाक मारली असेल तर ती गॅसवाल्याने. इथे रोज तीस अनोळखी माणसं मला मॅडम म्हणत होती. हसू नका, मला ते हवं होतं. फार हवं होतं. आणि त्या महिन्यात माझे दोन कॉल आधीच बाद झाले होते.

एकदा इंदूरच्या एका साहेबांना मी विचारत होते, "सर, आपने सारी शर्तें समझ ली हैं?" आणि टेबलाखाली माझ्या लेकाने भांड्यात नाही, भांड्याशेजारी कार्यक्रम उरकला. गरम वास वर आला. साहेब अटी वाचत होते, हळूहळू, चष्मा लावून. मी हसत होते. अकरा मिनिटं हसत होते. हे माझं घरबसल्याचं नशीब.

लेकरांना गप्प बसवायला मी एक युक्ती काढली होती. अक्कल माझीच, दुसऱ्या कोणाला दोष नाही. रायपूरच्या उकाड्यात माझ्या कपाळाला पुरळ येतं, म्हणून घरात मी टिकली लावत नाही. कामाला बसताना मात्र मोठी मरून टिकली लावायची, जरा नीटनेटकं दिसावं म्हणून. तेव्हा मी मुलीला सांगितलं, "हे बघ, आईच्या कपाळावर टिकली असली की आई घरात नाही. टिकली काढली की आई आली." काम संपलं की टिकली काढून मी कपाटाच्या दारावर चिकटवायची. पोट्टीला ते लगेच समजलं. आमची मुलगी मराठी सगळं समजते, बोलते मात्र हिंदीत. तिने विचारलं, "आई, और बीच में कुछ हो गया तो?"

"तर दारात येऊन उभं राहायचं. बोलायचं नाही. मी पाहीन."

"भाई रोया तो?"

"त्याला आत घेऊन जायचं."

त्याच्या तोंडावर हात दाबून न्यायचं, हे तिने तिचं तिनेच शोधलं. मी लॅपटॉपवरून डोळा वर करून ते पाहिलं होतं. अडवलं नाही. उलट तात्यापाऱ्यात जाऊन सांगितलं, आमची कशी टिकली पाहूनच गप्प होते. सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "किती समजदार पोट्टी हाय वं!" मी फुगले होते.

काम करताना मी काय काय पाहून न पाहिल्यासारखं केलं, त्याला सुमार नाही. शेंबडाचे हात पांढऱ्या चादरीला पुसलेले. चावून थुंकलेली पोळी माझ्या चपलेत. वासाच्या आधीच्या गुरुवारचीच गोष्ट. भोपाळच्या एका बाईंचा कॉल चालू होता आणि आमची कन्या दारात येऊन उभी राहिली, नाकात बोट घालून. साधं नाही, पेरापर्यंत. काढायची, पुन्हा घालायची, माझ्याकडे डोळे मोठे करून पाहायची. मला इतकी शिसारी आली की अटींमधली एक ओळ मी गाळलीच. कॉल संपल्याबरोबर उठले आणि तिच्या हातावर एक फटका दिला. "शी! घाणेरडी कुठली! काय करून राहिली तू नाकात?" तिने तोंड उघडलं, तोवर पुढचा कॉल वाजला. मी पंजा वर केला. पंजा म्हणजे थांब. ती थांबली.

त्याच दिवशी हेडफोनच्या माइकवरचा काळा स्पंज कुठेतरी पडला. सुपरवायझर बाई कडाडल्या, मॅडम, आपकी साँस सुनाई दे रही है. मी माइकवर मोजा गुंडाळून दिवस काढला.

तर सोमवारी वास आला, आणि मंगळवारी वाढला. कूलर नुकताच बाहेर काढला होता, त्याच्या जाळ्यांत भरलेली मागच्या वर्षीची घास ओली होऊन सडली असणार असं मी ठरवलं आणि नवऱ्याला ती फेकायला लावली. वास गेला नाही. कपाट सरकवलं. मागे अर्धी पोळी, एक मोजा आणि उताणं मेलेलं झुरळ निघालं. ते पाहून मी बेसिनशी धावले, पण वास त्याचा नव्हता. मोरीत फिनाइलची अख्खी बाटली ओतली. आता फिनाइलचा आणि त्याखालून तो, असे दोन वास येऊ लागले.

नवरा म्हणाला, "मले तर काही नाही येऊन राहिला. तुझ्या डोक्यात वास बसला."

"तुमचं नाक हाय का वांगं?" मी म्हटलं. त्याने पेपर वर धरला. मग मी पूर्ण घराला ऐकू जाईल असं ओरडले, "ज्याने कोणी ही घाण केली ना, त्याला मी घराबाहेर काढीन! सांगून ठेवते!" लेकरं पलंगावर बसली होती. मुलीने भावाला जवळ ओढलं. मला वाटलं खेळून राहिले.

बुधवारी मी भांडी घासायला येणाऱ्या बाईवर घसरले. ती अभनपूरच्या बाजूची, छत्तीसगढी बोलणारी, आमच्याकडून बाजारात जाते, तिथून घरी. तिच्या पिशवीत सुकी मासळी असते, माझ्या डोक्यात बसलं. "पिशवीत काय आणतेस तू रोज?" तिने माझ्याकडे पाहिलं. "मैं कुछु नइ लाए हंव, दीदी." आणि पिशवी माझ्यासमोर फरशीवर उलटी केली. चार बटाटे, साबणाची वडी, तिच्या मुलीची लाल रिबिन. मी म्हटलं, ठीक आहे, भांडी घास. माफी मागायला पाहिजे होती. मागितली नाही.

आता जे लिहिते ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मंगळवारपासूनच मला कळत होतं की वास मुलाजवळ जास्त येतो. त्याचं एका बाजूचं नाक वाहत होतं, पिवळं. मला वाटलं सर्दी. तोंडाचा वास म्हणून मी त्याचे दुधाचे दात दिवसातून तीनदा घासले, हिरड्यांतून रक्त येईस्तोवर. दोनदा न्हाऊ घातलं. उशीचे अभ्रे बदलले. आणि तो ओठांचा चंबू करून पापा द्यायला आला की मी मान फिरवायची. "शी, दूर हो." त्याला तो खेळ वाटला. तो स्वतःच "शी, शी" म्हणत यायचा, हसत, आणि मी तोंड फिरवेपर्यंत वाट पाहायचा. दुपारी झोपताना गळ्यात हात टाकायचा, तर मी श्वास रोखून धरायची. मला माझ्या लेकराची किळस येत होती. ताप नाही, जुलाब नाही, नुसती किळस. म्हणून मी त्याला डॉक्टरकडे नेलं नाही. किळस आली म्हणून कोणी डॉक्टरकडे जातं का?

शुक्रवारी दुपारी जबलपूरच्या एका गृहस्थांचा कॉल चालू होता. मुलगी नुकती शाळेतून आली होती, टिकली पाहून आत गेली होती. तेवढ्यात भांडीवाली बाई मुलाला कडेवर घेऊन थेट खोलीत आली, माझ्या पांढऱ्या चादरीसमोर, अख्खी कॅमेऱ्यात. "दीदी, बाबू के नाक ले बास आवत हे. भीतर मा कुछु फँसे हे."

मी पंजा वर केला. तिसरा कॉल, हैदराबाद, संपलं सगळं, एवढंच माझ्या डोक्यात. पोराचं नाक नाही.

ती थांबली नाही. "हाथ ला खाल्हे कर, दीदी. देख येला."

हात खाली कर म्हणाली ती मला. दोन दिवसांपूर्वी जिची पिशवी मी उलटी करायला लावली, ती. मी कॉल कापला. मोबाइलचा उजेड मुलाच्या नाकात टाकला, श्वास रोखला आणि पाहिलं. आत खोल काहीतरी काळं होतं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे ऑटोने गेलो, मुलगीही सोबत. त्यांनी मुलाला चादरीत घट्ट गुंडाळलं, नर्सने डोकं धरलं, मी पाय. तो असा ओरडला की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. डॉक्टरांनी बारीक आकडी आत घातली आणि ओढली. जे बाहेर आलं ते काळं, फुगलेलं, पिवळ्या पुवात माखलेलं. त्यासोबत तो वास, माझ्या घरातला, पण दहापट. नर्सने जाऊन खिडकी उघडली. रोज नाकं पाहणाऱ्या बाईने खिडकी उघडली. डॉक्टरांनी ते ट्रेमध्ये दाबून पाहिलं. "स्पंज है. हफ़्ते भर से ऊपर का होगा. किसी ने देखा नहीं?"

माझ्या माइकवरचा स्पंज होता. एवढे दिवस मी त्यातच बोलत होते, मला नाही तर कोणाला ओळखू येणार?

"नहीं, डॉक्टर साहब," मी म्हटलं.

मागून मुलगी म्हणाली, "मैंने देखा था."

औषध घेतलं. बाहेर पायऱ्यांवर बसलो. मुलगा माझ्या खांद्यावर थकून झोपला होता आणि त्याच्या श्वासाला आता फक्त औषधाचा वास होता. मी मुलीला विचारलं, "मग सांगितलं काहून नाही?"

"बताया था ना. दरवाज़े पे. ऐसे, उँगली डाल के." तिने बोट नाकाशी नेलं, पण आत घातलं नाही. झटकन खाली घेतलं. "आपने टिकली लगाई थी, तो बोल नहीं सकती थी. फिर आपने मारा."

"टिकली काढल्यावर सांगायचं होतं."

"उस दिन आपने निकाली ही नहीं."

खरं होतं. गुरुवारी कॉल लांबले. मी टिकलीसकट उठले, टिकलीसकट पोळ्या लाटल्या, लेकरांना जेवू घातलं आणि टिकलीसकटच झोपले. माझ्या पोरीसाठी आई त्या दिवशी घरी आलीच नव्हती.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"मैंने सोचा भाई का अपने आप निकल गया." तिने झोपलेल्या भावाचा पाय धरला. "फिर आप बोली, जिसने गंदा किया उसको घर से निकाल दूँगी. भाई को निकाल देते आप."

सबंध आठवडा मी घरभर हुंगत फिरले, कूलर उसकटला, गरीब बाईची पिशवी उलटी करायला लावली, आणि सहा वर्षांची पोरगी ते गुपित पोटात घेऊन भावाला माझ्यापासून वाचवत होती. थू माझ्या जिंदगानीवर, असं मला वाटलं, आणि अजूनही अधूनमधून वाटतं.

नोकरी वाचली. सोमवारी तपासणीचा निकाल आला. भांडीवाली बाई कॅमेऱ्यात आली त्याच्या क्षणभर आधी जबलपूरच्या गृहस्थांचं नेट गेलं होतं म्हणे, त्यामुळे तो कॉल धरलाच नाही. सुपरवायझर बाईंनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. ज्या नोकरीसाठी मी जीव टाकत होते ती वाचली आणि मला त्या वाचण्याचीही किळस आली. तरी दहा वाजता लॅपटॉप उघडला. उघडणारच, काय करता?

भांडीवाल्या बाईची मी माफी मागितली. ती "हव दीदी" म्हणाली आणि कढई घासत राहिली.

टिकल्यांचं पाकीट मी कचऱ्यात टाकलं. कपाटाच्या दारावरच्या सगळ्या टिकल्या मुलीने आणि मी नखांनी खरवडून काढल्या. सत्तावीस निघाल्या, तिने मोजल्या. मी म्हटलं, "आता टिकली नाही. आता कधीही बोलायचं. कॉल चालू असला तरी बोलायचं." बिनटिकलीची कामाला बसले. आजपर्यंत कंपनीतल्या एकाही माणसाने विचारलं नाही की मॅडम, बिंदी कुठे गेली. टिकली त्यांनी कधी मागितलीच नव्हती.

पोरगी हळूहळू बोलू लागली. आधी दारातून, मग खोलीत येऊन. एकदा कॉलच्या मधेच येऊन म्हणाली, "आई, पानी," आणि माझं तोंड पाहत राहिली. मी कॉल थांबवून पाणी दिलं. तो कॉल बाद झाला. होऊ दे म्हटलं, नवा महिना होता.

पुढे चैत्र लागला आणि तात्यापाऱ्यात सासूबाईंनी हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. जुन्या ओळखीच्या पंधरा-वीस बाया सतरंजीवर बसलेल्या. मुलगा मांडीवर, मुलगी मला टेकून बसलेली, आणि पन्हं पिता पिता तिची गोष्ट चालली होती. शाळेच्या रिक्षात एक मुलगी ओकली, ते सगळं तिच्या दप्तरावर, मग रिक्षावाले भैया काय म्हणाले. ऐकून मला मळमळत होतं आणि मी ऐकत होते. एवढं सलग ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. "और आई, फिर ना, उसने..."

जाऊबाई ताट घेऊन समोर आल्या. सवयीने मी मान पुढे केली. त्यांनी माझ्या कपाळावर बोटभर कुंकू लावलं.

मुलगी गप्प झाली. वाक्य तसंच सोडून दिलं. पेला खाली ठेवला. माझ्या मांडीवरून भावाला उतरवलं, त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि त्याला घेऊन दारात जाऊन उभी राहिली.

मी पदर ओढला आणि कपाळ पुसलं. भर हळदीकुंकवात, सगळ्या बायांसमोर, नवऱ्याच्या आईसमोर. खसाखसा पुसलं. कोणाच्या तरी हातातली वाटी पडली. "अवं, काय करून राहिली तू! येड लागलं का तुले?" सासूबाई किंचाळल्या. मी पदराचं टोक पन्ह्यात बुडवून पुन्हा पुसलं.

"ये बेटा. बोल. मग काय केलं तिने?"

ती दोन पावलं आली, भावाच्या तोंडावरचा हात न काढता. टाचा उंच करून माझं कपाळ नीट पाहिलं. मग मान हलवली. कुंकवाचा डाग राहिला होता. बोटाने तिने तो मला दाखवला, न बोलता, आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.